घड्याळाच्या मनोऱ्याची मागची बाजू

बारा वर्षांपूर्वी मावशी या शहरात पाच दिवस राहून गेली होती. एका कॅलेंडर छापणाऱ्या कंपनीने तिला फोटो काढायला पाठवलं होतं. स्टेशनसमोरच्या लॉजमध्ये मुक्काम, उजाडायच्या आत उठायचं, खांद्यावर ट्रायपॉड टाकून निघायचं. त्या पाच दिवसांत तिने नदीवरचा पूल, बाग, तळं असं सगळं टिपलं. पण गाजला तो एकच फोटो, मोठ्या चौकातल्या घड्याळाच्या मनोऱ्याचा. डावीकडे वाकलेला दिव्याचा खांब, खाली ओला रस्ता आणि मधोमध मनोरा. तो कॅलेंडरवर आला, मग बिस्किटांच्या डब्यांवर, मग वह्यांच्या पुठ्ठ्यांवर. मावशीचं नाव त्यावर कुठेच नव्हतं, पण तिला त्याचं फारसं वाईटही वाटलं नव्हतं. काम झालं, घरी आली, आपला स्टुडिओ उघडला आणि पासपोर्टचे फोटो काढत बसली.

आता ती सत्तावन्न वर्षांची होती आणि या वेळी कुणाचंच काम नव्हतं. तिची भाची लग्न होऊन याच शहरात आली होती. "मावशी, कधी येतेस, कधी येतेस" असा फोनवर चार वर्षं धोशा लावला होता तिने. शेवटी मावशीने सहा दिवस स्टुडिओला कुलूप लावलं आणि मंगळवारी येऊन थडकली. कॅमेरा आणला होता, पण फक्त स्वतःसाठी.

बुधवारी सकाळी ती एकटीच चौकात गेली, तर तिथे रांग लागलेली. तिला वाटलं बसची असेल. पुढे जाऊन बघते तर फरशीवर पिवळ्या रंगाने दोन पावलं काढलेली आणि खाली लिहिलेलं, 'फोटोसाठी येथे उभे राहा.' तिने डावीकडे पाहिलं, वाकलेला खांब होता तिथेच होता. म्हणजे बारा वर्षांपूर्वी जिथे तिच्या ट्रायपॉडचे पाय टेकले होते, बरोबर तिथेच आता लोक स्वतःचे पाय टेकत होते.

"काकू, रांगेत या हं," मागून एक मुलगी म्हणाली.

मावशी निमूटपणे रांगेत उभी राहिली. पुढच्या जोडप्याने वळून तिच्या हातात मोबाईल दिला. "आमच्या दोघांचा एक काढाल? हे गोल बटण दाबायचं. जमेल ना तुम्हाला?"

"बघते प्रयत्न करून," मावशी म्हणाली.

तिने त्यांना दोन पावलं उजवीकडे सरकवलं, मुलाला हनुवटी खाली घ्यायला सांगितली आणि बटण दाबलं. फोटो बघून मुलगी खूश झाली. "छान काढता हो तुम्ही!"

स्वतःचा नंबर आल्यावर मात्र मावशीने कॅमेरा पिशवीतून काढलाच नाही. काढून काय करायचं होतं? तोच फोटो दिवसाला पाचशे माणसं काढत होती. पूल पाहिला, बाग पाहिली, तिकडेही तीच तऱ्हा. संध्याकाळी ती हिरमुसून घरी आली, पण जेवताना सांगायला लागली तेव्हा तिचं तिलाच हसू आलं.

"अगं, सांगायचं ना त्यांना, हा फोटो माझाच आहे म्हणून!" भाची म्हणाली.

"आणि लोकांनी काय म्हटलं असतं? बाईला ऊन लागलंय, पाणी द्या."

भाचजावई ठसका लागेपर्यंत हसला. तो विमा कंपनीत होता, बोलका, थट्टेखोर. त्याचे वडील म्हणजे मावशीचे व्याही मात्र खाली मान घालून जेवत होते. मावशीने त्यांना लग्नात पाहिलं होतं तेवढंच. ते लिफ्ट दुरुस्त करायचे. छत्तीस वर्षं नोकरी करून आठ महिन्यांपूर्वी निवृत्त झाले होते. त्यांची बायको, म्हणजे विहीणबाई, मुलीच्या बाळंतपणासाठी महिनाभर तिच्याकडे गेल्या होत्या, त्यामुळे व्याह्यांशी दिवसभर बोलायला घरात कुणी नसायचं. ते हातात तेलाची बाटली घेऊन फिरायचे. "घरातलं एकही दार आता करकरत नाही," भाचीने मावशीला कानात सांगितलं होतं. "कोण आलं, कोण गेलं, पत्ता लागत नाही. मागे उभे राहिले की दचकायला होतं."

त्या रात्री मात्र व्याह्यांनी मान वर करून मावशीला विचारलं, "विहीणबाई, त्या मनोऱ्याची मागची बाजू बघितलीत कधी?"

"मागे तर मोठी इमारत आहे ना? दिसणार कुठून?"

"त्या इमारतीवरून दिसते. लिफ्टच्या मशीनरूममधून. उद्या येता?"

भाचजावयाने भुवया उंचावल्या. बाबांनी स्वतःहून कुणाला कुठे चला म्हटल्याचं त्याला आठवत नव्हतं.

गुरुवारी सकाळी दोघं निघाली. ती इमारत जुनी, आठ मजली, सगळी कचेऱ्यांची. दारावरचा पहारेकरी व्याह्यांना बघताच उठून उभा राहिला. "अहो वरचे! किती दिवसांनी!"

"वरचे?" मावशीने विचारलं.

"असंच म्हणतात मला सगळीकडे," व्याही संकोचून म्हणाले. "लिफ्ट अडकली की आतले लोक वरच्याचा धावा करायचे आणि बाहेरचे मला फोन करायचे. मी यायचो तोही वरूनच. तेव्हापासून पडलं."

मावशी लिफ्टकडे वळली, तर ते जिन्याकडे निघाले होते. "मशीनरूम सगळ्यात वर. लिफ्ट तिथपर्यंत जात नाही. आणि लिफ्ट बिघडली की दुरुस्त करणारा जाणार कसा? जिन्यानेच. आयुष्यभर लिफ्टचं काम केलं आणि गुडघे गेले जिन्यात."

"मग आज सात मजले तरी लिफ्टने जाऊ या की. चालू आहे ना?"

व्याह्यांनी क्षणभर विचार केला. "हे कधी सुचलंच नाही," ते म्हणाले, आणि दोघं लिफ्टने वर गेली.

शेवटचा मजला आणि वरची लोखंडी शिडी तेवढी चढावी लागली. मशीनरूम म्हणजे एक बुटकी खोली, मधे मोटर, मोठं चाक, त्यावरून खाली अंधारात गेलेले तारेचे दोर. वंगणाचा वास. एका भिंतीला हातभर खिडकी. व्याह्यांनी तिची काच बाहीने पुसली आणि बाजूला झाले.

खिडकीत मनोरा होता, हाकेच्या अंतरावर. पण या बाजूला घड्याळच नव्हतं. समोरून तीन बाजूंना दगडी नक्षी आणि तबकड्या, इथे मात्र नुसत्या उघड्या विटा, एक लाकडी दार आणि दाराबाहेर चिमुकला सज्जा. सज्जात रंगाच्या रिकाम्या डब्यांमध्ये रोपं लावलेली. दोरीवर एक टॉवेल आणि दोन मोजे वाळत घातलेले. घड्याळाला चावी देणारा म्हातारा स्टुलावर बसून आरशात बघत दाढी करत होता.

मावशी खिडकीला चिकटली. तिने कॅमेरा काढला, लेन्स बदलली, पुन्हा बदलली. म्हाताऱ्याने गालावरचा साबण पुसला, टॉवेल झटकला, आत गेला आणि थोड्या वेळाने आतून ठोके पडायला लागले. मनोऱ्यावरची कबुतरं पाळीव असल्यासारखी जागची हललीसुद्धा नाहीत.

"तुम्ही हे किती वर्षं बघताय?" तिने शेवटी विचारलं.

"छत्तीस. आधी याचे वडील होते. ते दाढी करायचे नाहीत."

"आणि कुणाला सांगितलं नाहीत?"

"कोण विचारणार? लिफ्ट चालू झाली का, एवढंच विचारतात."

उतरताना मावशी जिन्याने उतरली. तिला लिफ्टची आठवणच राहिली नाही.

शुक्रवारी त्यांनी तिला टेलिफोनच्या जुन्या इमारतीत नेलं. तिथे वापरात नसलेला एक लोखंडी गोल जिना होता आणि दुपारी साडेतीनला छतातल्या काचेतून उजेड थेट तळापर्यंत उतरायचा, वीस मिनिटं, जास्त नाही. व्याह्यांना वेळ तोंडपाठ होती. मावशी जिन्याच्या तळाशी चक्क पाठीवर आडवी झाली आणि वर कॅमेरा रोखला. शिपाई धावत आला, त्याला वाटलं बाई पडल्या. व्याह्यांनी त्याला हाताने थांबवलं. "काम चालू आहे," ते गंभीरपणे म्हणाले. हे वाक्य म्हणायला त्यांना बरेच महिने मिळालं नव्हतं.

रात्री भाचजावयाच्या कॉम्प्युटरवर फोटो बघताना घर दणाणून गेलं. भाची म्हणाली, "मी चार वर्षं त्या चौकातून रोज जाते. वर कुणी मोजे वाळत घालतं हे मला माहीत नाही!"

"बाबांना विचार. ते कायम वरच असायचे," भाचजावई म्हणाला. मग मावशीकडे वळून, "माझ्या जन्मालासुद्धा हे दुसऱ्या दिवशी आले, माहितीये तुम्हाला? आई सांगते, हात कोपरापर्यंत काळे. नर्सने मला हातच लावू दिला नाही." तो हसत होता, पण ही गोष्ट त्याने बऱ्याचदा सांगितली असावी आणि दर वेळी तिला थोडी धार काढली असावी, असं मावशीला वाटलं.  व्याही उठून सज्जात गेले.

शनिवारी त्यांनी तिला मोठ्या सरकारी इस्पितळात नेलं. पाचव्या मजल्यावरच्या गच्चीत इस्पितळाची धुणी वाळत. मावशीने दार ढकललं आणि जागीच थबकली. पांढऱ्या चादरींच्या रांगाच रांगा, वाऱ्याने सगळ्या एकाच बाजूला फुगलेल्या, आणि दोन चादरींच्या फटीतून खाली नदी. धुणाऱ्या बायका चिमटे तोंडात धरून कामाला लागलेल्या. त्यांच्यातल्या थोरल्या बाईने कॅमेरा पाहिला. "फोटो काढा बाई हवे तितके. पण चादरीला हात लावाल तर ती परत धुवायला तुम्हालाच बसवीन."

मावशी तासभर त्या चादरींतून फिरली. कधी पदर सावरून, कधी ओणवी होऊन. कॅलेंडरसाठी काम करताना तिला सतत कुणाला काय आवडेल याचा विचार करावा लागे. इथे तसं काही नव्हतं. एका चादरीमागून बाईची नुसती सावली गेली, ओल्या चादरीचा पिळा खांद्यावर टाकलेला, आणि मावशीने बटण दाबलं तेव्हाच तिला कळलं की हा फोटो चांगला आला.

गच्चीच्या कोपऱ्यात मशीनरूम होती. रुग्णांचे पलंग वर नेणाऱ्या लिफ्टची. व्याही तिथे डोकावून मोटरचा आवाज ऐकत उभे होते. मावशी आत आली तेव्हा तिचं लक्ष भिंतीकडे गेलं. चुन्याच्या भिंतीवर खालपासून वरपर्यंत पेन्सिलीने लिहिलेलं. तारखा आणि पुढे दोन-तीन शब्द.

"हे काय?"

"कामाची नोंद. वही हरवते, भिंत हरवत नाही."

मावशी वाचत गेली. 'तेल.' 'ब्रेक आवळला.' 'उंदीर.' 'पुन्हा उंदीर.' आणि मग, बत्तीस वर्षांपूर्वीच्या एका तारखेपुढे: 'दोर बदलायला घेतला. सकाळी ११.४०, मुलगा झाला. दोघं बरी.' आणि त्याखाली: 'दोर पूर्ण, पहाटे.'

तिने वळून पाहिलं. व्याही मोटरवर फुंकर मारून धूळ उडवत होते.

"त्याच दिवशी इथला दोर तुटायला आला होता," ते म्हणाले. "चार तारा गेल्या होत्या. ऑपरेशनचा मजला चौथा आणि लिफ्ट ही एकच. आमची ही बाळंतिणींच्या दवाखान्यात, नदीच्या पलीकडे. दवाखान्याने इथे फोन केला, तर इथल्या टेलिफोनवाल्या बाईने निरोप घेऊन आयाला वर पाठवलं. ती सांगून गेली. मग खोलीत मी एकटाच. कुणाला तरी सांगावंसं वाटलं, म्हणून लिहून टाकलं."

"मुलाला कधी दाखवलंत?"

"काय दाखवायचं? उशीर झाला तो झालाच." थोडं थांबून ते म्हणाले, "फोटो घ्यायचा तर घ्या. पण त्याला दाखवू नका. हसण्यावारी नेतो, तेच बरं आहे."

मावशीने भिंतीचा फोटो घेतला. रात्री कॉम्प्युटरवर चादरी बघून झाल्यावर तो पडद्यावर आला, तेव्हा ती घाईने म्हणाली, "हा राहू दे, हा काही खास नाही."

"थांबा, थांबा," भाचजावई म्हणाला. "हे बाबांचं अक्षर आहे." त्याने फोटो मोठा केला. वरून खाली वाचत गेला, उंदरांपाशी हसला, आणि मग थांबला. कितीतरी वेळ तो त्या एका ओळीकडे बघत होता. भाचीने काही विचारायला तोंड उघडलं, तर मावशीने तिचा हात दाबला.

तो उठून सज्जात गेला. व्याही जेवण झाल्यापासून तिथेच बसले होते. आत फक्त आवाज ऐकू येत होते.

"बाबा, ती खोली कुठे आहे?"

"इस्पितळात. का?"

"उद्या मला घेऊन चला."

"गुडघे दुखतील. शेवटचा मजला चढावा लागतो."

"माझे गुडघे चांगले आहेत. तुमच्यासारखे जिन्यात घालवलेले नाहीत."

"विहीणबाईंनी दाखवलंच म्हणायचं," व्याही म्हणाले, पण आवाजात राग नव्हता.

रविवारी चौघंही गेली. भाचजावयाने आत शिरताच कपाळ तुळईवर आपटून घेतलं. "सगळेच आपटतात," व्याह्यांनी धीर दिला. मग तो कपाळ चोळत भिंतीसमोर उभा राहिला. ती ओळ वाचून झाल्यावरही तो हलेना. प्रत्येक ओळीवर बोट ठेवून विचारू लागला. हा ब्रेक म्हणजे कोणता? दोर बदलतात कसा? लिफ्ट त्या वेळी खाली पडत नाही का? व्याह्यांनी आधी एकेका शब्दात उत्तरं दिली, मग दोन-दोन वाक्यांत, आणि मग त्यांनी सरळ मोटरचं झाकण काढलं. भाची आणि मावशी दारात टेकून ऐकत राहिल्या. तासभर तरी गेला असेल.

मधेच भाचजावयाला राहवलं नाही. त्याने आईला फोन लावला, आवाज सगळ्यांना ऐकू येईल असा ठेवला आणि भिंतीवरचं वाचून दाखवलं.

 पलीकडून विहीणबाईंचा आवाज आला, "किती वाजता लिहिलंय म्हणालास?"

"अकरा चाळीस."

"अकरा चाळीस! मला म्हणाले होते की निरोपच दुसऱ्या दिवशी मिळाला! द्या, द्या त्यांच्याकडे फोन."

व्याह्यांनी फोन असा धरला जणू त्यात वीज खेळतेय. "अगं, दोर अर्धा निघाला होता. सोडून कसा येणार? खाली एक माणूस पलंगावर वाट बघत होता, चौथ्या मजल्यावर जायची."

"मग तसं सांगायचं ना! बत्तीस वर्षं मी टेलिफोनवाल्या बाईला शिव्या घालतेय, निरोप वेळेवर दिला नाही म्हणून!"

"तू आधीच रागावलेली होतीस. म्हटलं, कळूनही आलो नाही यापेक्षा, निरोप उशिरा आला हे बरं वाटेल."

 भाचीने तोंडावर हात ठेवला होता. मग विहीणबाईंनी विचारलं, "तो माणूस वाचला का?"

"वाचला असणार. वर नेताना मला म्हणाला, फार वेळ लावलात."

विहीणबाईंना हसू फुटलं ते आवरेना. त्यांच्या मागून बाळाचं रडणं ऐकू आलं. "बघा, नातीला उठवलंत," त्या म्हणाल्या. "परत आल्यावर तुमच्याकडे बघते." आणि फोन ठेवला.

"पकडले गेलात बाबा," भाचजावई म्हणाला. त्याने वडिलांच्या खांद्यावर हात ठेवला, आणि मग तो तसाच राहू दिला.

गच्चीवर आल्यावर धुणाऱ्या बायकांनी त्यांना घेरलं. काल फोटो काढलेत, आज आमचा सगळ्यांचा एकत्र काढा, आणि कागदावर हवा, मोबाईलवर नको. मग ओट्यावर सात बायका बसल्या, त्यांच्या मधे 'वरचे' बसले, मागे मुलगा आणि सून. कपाळावर टेंगूळ आलेला भाचजावई हनुवटी वर करून उभा राहिला. मावशीने त्याला ती खाली घ्यायला लावली. दुपारी भाचीसोबत जाऊन तिने फोटो छापून आणले, आणि पुन्हा पाच मजले चढून स्वतः वाटले. त्या थोरल्या बाईने आपला फोटो हातभर लांब धरून पाहिला. "चेहरा रुंद आलाय," ती म्हणाली, आणि तो ब्लाउजच्या आत जपून ठेवला.

सोमवारी मावशीची गाडी होती. रविवारी जेवताना व्याही म्हणाले, "मंगळवारी धान्याच्या जुन्या गोदामातली मालाची लिफ्ट उघडतात. वरचं छत काचेचं आहे. तुमची इच्छा असेल तर."

"मावशीचं तिकीट काढलेलं आहे बाबा," भाचजावई म्हणाला.

"बदलतं ते," मावशी म्हणाली. "पासपोर्टवाले दोन दिवस थांबतील. कुठे पळून जाणार आहेत? पासपोर्टच नाही त्यांच्याकडे."

मंगळवारी भाचजावयाने अर्धा दिवस रजा टाकली. गोदामाच्या तिसऱ्या मजल्यावर पोत्यांच्या थप्प्या होत्या आणि काचेतून आलेला उजेड धान्याच्या धुळीत अडकून उभा राहिल्यासारखा वाटत होता. मावशीने ट्रायपॉड लावला, पण ऊन अजून हव्या त्या थप्पीवर आलं नव्हतं. "किती वेळ?" तिने विचारलं. व्याह्यांनी छताकडे बघून सांगितलं, "पाऊण तास." मग ते एका पोत्याला टेकले आणि पाच मिनिटांत त्यांना डोळा लागला. मुलगा त्यांच्याशेजारी पाय पसरून बसला आणि हमालांनी दिलेला चहा पीत राहिला. मावशीही कॅमेऱ्याशेजारी पोत्यावर बसली. ऊन फरशीवरून हळूहळू सरकत होतं, आणि तिला कसलीही घाई नव्हती.